एमबीए सीईटीचं ग्रामर: ॲपवर करावं की पुस्तक आणि वही घेऊन?

वाक्यातली चूक शोधा, अधोरेखित भाग सुधारा, असले जे प्रश्न एमबीए सीईटी या प्रवेश परीक्षेच्या व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्लिशच्या भागात, येतात त्यांची प्रॅक्टिस मोबाईलवर करायची का पुस्तक घेऊन वहीत, एवढंच सांगतोय. विश्रामबागच्या अभ्यासिकेत दर सीझनला कुणीतरी हे विचारतंच, आणि मी दोन्ही मनापासून वापरलंय म्हणून सविस्तर लिहितो. कॅटच, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, करणाऱ्यांना याचा फार उपयोग नाही, तिथं सरळ ग्रामर आता जवळजवळ येत नाही, आणि जीमॅट या दुसऱ्या एमबीए प्रवेश परीक्षेनं तर २०२३ मध्ये नवीन पॅटर्न आणताना सेंटेन्स करेक्शन (वाक्य सुधारायचे प्रश्न) काढूनच टाकलं.

ॲपच्या बाजूनं बोलायचं तर बरंच आहे. तासगाव-सांगली एसटीत उभ्यानं पुस्तक उघडता येत नाही, मोबाईल येतो. परीक्षा कॉम्प्युटरवर असते त्यामुळं स्क्रीनवर वाचायची डोळ्यांना सवय होते. टायमर असतो, आणि सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न म्हणजे एकाला सरासरी ४५ सेकंद, त्यातही ग्रामर पटकन उरकलं तरच आरसीला, म्हणजे उतारा वाचून सोडवायच्या प्रश्नांना, वेळ राहतो, म्हणून टायमरची किंमत कमी नाही. प्रश्न पण संपता संपत नाहीत.

पुस्तकाचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. उत्तरसूचीत नुसतं अक्षर, कधी तेही चुकीचं छापलेलं, दहा वर्षांपूर्वीचेच प्रश्न नवीन कव्हर घालून. शिवाय बॅगेत ओझं.

मग तरी माझा कल पुस्तकाकडं का, तर एका गोष्टीमुळं, आणि ती गोष्ट मला इतकी खटकली की बाकीचे फायदे मागं पडले. माझा मावसभाऊ शेजारी बसून ॲपवर सोडवत होता. वाक्य साधारण असं होतं: 'द क्वालिटी ऑफ द मँगोज / सोल्ड इन द मार्केट / वेअर नॉट गुड / धिस इयर'. त्यानं तिसरा भाग दाबला, हिरवी टिक आली, लगेच पुढचा प्रश्न. मी म्हटलं थांब जरा, तिसऱ्या भागात चूक काय आहे? तो म्हणाला, "दादा, गुड नाही, वेल पाहिजे ना तिथं." आता खरी चूक वेअरची आहे, कारण कर्ता क्वालिटी आहे, मँगोज नव्हे, म्हणून वॉज पाहिजे. गुड तर बरोबरच आहे. म्हणजे भाग बरोबर, कारण साफ चुकीचं, आणि ॲपनं त्याला पूर्ण मार्क दिले, वर सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंट हा टॉपिक त्याच्या पक्क्या टॉपिकमध्ये टाकला. तो टॉपिक तो परत कशाला उघडेल?

हे एका पोराचं नाही. चूक शोधायच्या प्रश्नात ॲप फक्त 'कुठं' विचारतं, 'काय' आणि 'का' विचारतच नाही. खाली स्पष्टीकरण असतं हे मान्य, पण हिरवी टिक दिसल्यावर स्पष्टीकरण कोण वाचतंय, लाल आलं तरच आपण खाली स्क्रोल करतो. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळं परीक्षेत अंदाजानं ठोकणं योग्यच आहे, एकही प्रश्न सोडू नये, पण प्रॅक्टिसमध्ये तोच अंदाज कच्ची जागा झाकून ठेवतो आणि मग मॉकला, म्हणजे सराव परीक्षेत, स्कोअर का हलत नाही हे कळत नाही.

वहीत ही सोय नाही, आणि तेच बरं आहे. मी पोरांना सांगतो की पर्यायाचं अक्षर लिहूच नका, दुरुस्त केलेला शब्द लिहा आणि पुढं चार शब्दांत कारण. 'वॉज, कर्ता क्वालिटी' बास. 'सीनिअर दॅन' खोडून 'सीनिअर टू'. 'डिस्कस अबाउट' मधला अबाउट उडवला, 'नो सूनर' दिसलं की पुढं दॅन आहे का व्हेन ते तपासलं, व्हेन असेल तर खोडलं. असं पंधरवडाभर केलं की आपण त्याच त्याच चार-पाच ठिकाणी अडकतो हे वही उघडल्या उघडल्या दिसतं, त्याला वेगळा ॲनालिसिस लागत नाही.

आणि 'नो एरर', म्हणजे वाक्यात चूकच नाही हा पर्याय. इथं तर वहीला तोडच नाही असं माझं मत. मराठी मीडियमच्या पोरांना वाक्य बरोबर असलं तरी भीती वाटते आणि कुठंतरी चूक काढतातच, नाहीतर उलटं, काही सापडलं नाही की नो एरर दाबून मोकळे. वहीत नो एरर लिहायचं असेल तर संशयाची जागा कुठली होती आणि ती बरोबर का, हे लिहायचं. 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग डिस्टन्स', इथं इज बरोबर, कारण अंतर एकच धरलंय. 'द टीचर, अलाँग विथ हिज स्टुडंट्स, इज', इथंही इज बरोबर, कारण क्रियापद ठरवताना अलाँग विथच्या पुढचे शब्द मोजत नाहीत. असं लिहिता यायला लागलं की भीती खरंच जाते, मी बघितलंय.

आता प्रत्येकाला हे जमेल असं नाही. ज्याचं इंग्लिश मुळातच चांगलं आहे, लहानपणापासून वाचन आहे, त्याला ॲप पुरेल बहुतेक, त्याचा कान बरोबर सांगतो. नोकरी करून अभ्यास करणाऱ्यांना वही घेऊन बसायला वेळ कुठला, तेही खरं, त्यांनी ॲपवरच करावं पण बोट लावायच्या आधी दुरुस्ती मनात म्हणावी, थोडा तरी फरक पडेल. आणि शेवटचे दोन-तीन आठवडे सगळ्यांनीच स्क्रीनवर टायमर लावून बसलं पाहिजे, तिथं वहीचा हट्ट नको. पण त्याच्या आधीचे महिने हातात असतील आणि पाया कच्चा वाटत असेल तर मी तरी पुस्तकच घ्या म्हणेन.

फक्त घेताना दुकानात उभं राहून मागची पानं उघडा आणि उत्तरात नो एरर असलेला एखादा प्रश्न शोधा. वाक्य बरोबर का आहे हे एका ओळीत तरी दिलं असेल तर घ्या, नुसतं अक्षर छापलं असेल तर दुसरं दाखवा म्हणा.