चार डिस्क, रेड-६ आणि अकरा महिने

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून, ४ टीबीच्या चार डिस्क लावून बॅकअप सर्व्हर केला, त्याला अकरा महिने झाले.

रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेली मांडणी (ॲरे), एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून. आधी रेड-१० करणार होतो, त्यात डिस्कच्या जोड्या एकमेकींची नक्कल ठेवतात. चार डिस्कवर दोन्हीकडे जागा ८ टीबीच, मग लिहायला हळू असलेलं रेड-६ कशाला? पण रेड-१० मध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या की खेळ खलास. रेड-६ मध्ये कुठल्याही दोन जाऊ देत. आणि बॅकअप रात्री दोनला आरसिंक या फायली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने चालतो. तो तीनला संपला काय नि चारला संपला काय! रेड-५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते; ते मनातच आणलं नाही, कारण चारही डिस्क एकाच खोक्यातून आलेल्या, दोन पाठोपाठ जायची भीती. रेड सांभाळणारं वेगळं कार्डही घेतलं नाही. ते जळलं तर तसलंच शोधत फिरा. एमडीएडीएम या लिनक्सच्या प्रोग्रामने जोडलेल्या डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावल्या तरी ॲरे उभी राहते.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं, म्हणून सर्व्हर माळ्यावर ठेवला. वर पत्रा. मे महिन्यात डिस्क ५५ अंशांवर गेल्या आणि एके सकाळी मेल आला. ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चार 'यू'ऐवजी तीन 'यू' आणि एक रेघ, म्हणजे एक डिस्क गेली.

दुकानदाराने त्याच क्षमतेची डिस्क दिली, "सेमच आहे, साहेब." जोडली, रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) सुरू झाला. पहिला तासभर झकास, मग वेग सेकंदाला १५ एमबीवर आला आणि उरलेला वेळ दिसायला लागला तीन दिवस! मॉडेल नंबर तपासला तर ती एसएमआर निघाली. तिच्यात ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, त्यामुळे थोडंसं बदलायचं तरी शेजारचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. भांडून सीएमआर, म्हणजे ट्रॅक सुटे असलेली, आणली. नऊ तासांत काम फत्ते. त्या दोन दिवसांत दुसरी डिस्क गेली असती तरी चाललं असतं, म्हणून रात्री झोप लागली. माळ्यावर आता एक्झॉस्ट फॅन आहे.

एक किरकोळ तक्रार. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर पूर्ण ॲरे तपासतं, ते सकाळपर्यंत चालतं. शनिवारच्या लग्नाची कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं नेमकी तेव्हाच उतरवायची असतात. मी ती तपासणी मंगळवारवर ढकलली.