पाळी येणार की दिवस गेलेत? बेसल थर्मामीटर आणि किट बरेच महिने वापरल्यानंतर

बाळासाठी प्रयत्न सुरू केले तेव्हापासून पाळीआधीचा आठवडा मला फार जड जायचा. छाती दुखरी, पोट फुगलेलं, ओटीपोटात ओढ, दुपारी डोळे मिटायला लागायचे. सासूबाई म्हणायच्या, "चेहरा बदललाय गं तुझा." दोन दिवसांनी पाळी हजर! मग दोन दशांशांपर्यंत आकडा दाखवणारा बेसल थर्मामीटर घेतला, आणि मेडिकलमधलं साधं प्रेग्नन्सी किट.

इतक्या महिन्यांनंतर ठामपणे सांगते, नुसत्या लक्षणांवरून काहीही ओळखता येत नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, गर्भ राहो वा न राहो. छाती दुखणं, पोट फुगणं, थकवा हे बरंचसं त्याचंच काम. मळमळ खरी सुरू होते ती बहुतेकींना पाळी चुकल्यानंतर. गुलाबी-तपकिरी डाग काहींना गर्भ रुजताना दिसतो, पण पाळीच्या सुरुवातीलाही तसाच दिसू शकतो.

थर्मामीटरचं काम वेगळं आहे. सकाळी जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठायच्या आधी, जिभेखाली धरायचा, रोज साधारण त्याच वेळी, आणि आकडा तक्त्यात लिहून ठेवायचा. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर तापमान अर्धा ते एक अंश फॅरनहाइट वर जातं आणि पाळीच्या तोंडावर खाली येतं. ते सलग अठरा दिवसांहून जास्त वर राहिलं, तर गर्भ असण्याची शक्यता बरीच. माझा आकडा ९७.४च्या आसपास असायचा आणि नंतर ९८.१ला जायचा. तापाच्या साध्या थर्मामीटरवर इतका बारीक फरक नीट कळत नाही. जागरण झालं किंवा सर्दी-ताप असला की त्या दिवसाचा आकडा सोडून द्यायचा. माझ्या थर्मामीटरला आतला दिवा नाही, हिवाळ्यात पहाटे खोलीतला लावावा लागतो, ही एकच तक्रार.

खरा उपयोग कळला तो पाळी लांबली त्या महिन्यात. व्हायरल तापातून नुकती उठले होते. तारीख उलटली तशी घरात कुजबुज सुरू झाली. तक्त्यात मात्र स्वच्छ दिसत होतं, तापमान नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा चढलं होतं. म्हणजे स्त्रीबीजच उशिरा बाहेर पडलं, पाळीही तेवढीच मागे जाणार. तशीच गेली. तो आठवडा मी शांत झोपले.

डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या असतील तर तक्त्यावर विसंबू नका, गोळ्यांनीच तापमान वर राहतं आणि पाळीही लांबते. एचसीजीचं (किट जे हार्मोन शोधतं त्याचं) इंजेक्शन घेतलं असेल तर पुढचे दहा-चौदा दिवस किट खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं.

किट पाळी चुकल्यावरच करा, सकाळच्या पहिल्या लघवीवर. आधी केलं तर गर्भ असूनही निगेटिव्ह येऊ शकतं, कारण एचसीजी गर्भ रुजल्यावरच तयार व्हायला लागतं. पाकिटावर दिलेल्या वेळेतच बघा. नंतर वाळल्यावर किटवरच्या 'टी' (टेस्ट) या खुणेपाशी कधी कधी करडी, रंगहीन रेघ उमटते, ती पॉझिटिव्ह धरू नका. खरी रेघ फिकी असली तरी तिला रंग असतो. निगेटिव्ह आलं आणि पाळीही आली नाही, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. गावाकडे आशाताईंकडे 'निश्चय' किट मोफत मिळतं, निःसंकोच मागा.

पाळी अनियमित असेल, पीसीओएस (हार्मोन बिघडून स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास) असेल, तर तक्ता वाचणं अवघड जातं, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा खांदा दुखू लागला, तर किट करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहिलेला असू शकतो.