लाटेकमध्ये क्रमांकित प्रमेय, व्याख्या, उदाहरणं: कोणता मार्ग निवडाल?

प्रबंध किंवा नोट्स लाटेकमध्ये (गणिती मजकूर छापायच्या संगणक-प्रणालीत) लिहिताना प्रमेय, व्याख्या, उदाहरण यांना आपोआप क्रमांक देणारी एन्व्हायर्नमेंट (सुरुवात-शेवटाच्या खुणांमधल्या मजकुराला ठरलेली मांडणी देणारे साचे) स्वतः तयार करावी लागतात. त्यासाठीच्या मार्गांची तुलना करताना बहुतेक जण आधी सजावट बघतात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: उद्या विचार बदलला, तर फक्त प्रिअँबल (फाइलच्या सुरुवातीचा, मजकुराआधीचा भाग) बदलून भागेल की सगळी प्रकरणं पुन्हा उघडावी लागतील?

मूळ लाटेकमध्येच न्यूथिअरम ही कमांड आहे. एन्व्हायर्नमेंटचं नाव आणि छापायचं शीर्षक दिलं की झालं. शेवटी चौकोनी कंसात विभागाचा काउंटर (क्रमांक मोजणारा आकडा) दिला तर क्रमांक दर विभागात नव्याने सुरू होतात. तोच कंस नाव आणि शीर्षक यांच्या मध्ये दिला तर दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटचा काउंटर वापरला जातो. हे दोन्ही एकाच वेळी देता येत नाही. मी सहसा काउंटर एकच ठेवतो. प्रमेय २.४ नंतर व्याख्या २.५ आली की शोधणाऱ्याला पुढे जायचं की मागे, ते लगेच कळतं. या मार्गात अडचण एकच, पण मोठी: सगळा मजकूर तिरपा छापला जातो. लांबलचक उदाहरण तसं वाचवत नाही. (देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना तिरपं रूपच नसतं, तिथे हा प्रश्न उरत नाही आणि फरकही दिसत नाही.)

एएमएसटीएचएम पॅकेज घेतलं की कमांड तीच राहते, वर तीन शैली मिळतात: प्रमेयांसाठी तिरपी, व्याख्यांसाठी सरळ आणि टिपांसाठी सौम्य शीर्षकाची. तारांकित कमांडने क्रमांकाविना एन्व्हायर्नमेंट बनतं. सिद्धतेसाठी प्रूफ तयार असतं आणि सिद्धता संपल्याची खूण असलेला चौकोन आपोआप येतो. सिद्धता समीकरणावर संपत असेल तर मात्र क्यूईडीहिअर ही कमांड हाताने लिहावी लागते, नाहीतर चौकोन खालच्या ओळीवर एकटा पडतो. बहुतेकांनी इथेच थांबावं.

टीएचएमटूल्स हे पॅकेज एएमएसटीएचएमवरच बसतं. एकच प्रमेय प्रस्तावनेत आणि परिशिष्टात त्याच क्रमांकाने पुन्हा छापायचं असेल, तर त्यातलं रीस्टेटेबल घ्या. ती गरज नसेल तर सोडून द्या.

रंगीत चौकटी हव्या असणाऱ्यांना टीकलरबॉक्स हे पॅकेज खुणावतं. त्यातल्या न्यूटीसीबीथिअरमने बनवलेल्या प्रत्येक एन्व्हायर्नमेंटला शीर्षक आणि लेबल (संदर्भ देण्यासाठीचं नाव) असे दोन कंस द्यावेच लागतात, रिकामे का होईना. म्हणजे आधी लिहिलेली प्रत्येक जागा दुरुस्त करणं आलं. त्यापेक्षा एन्व्हायर्नमेंट एएमएसटीएचएमनेच बनवा आणि टीकलरबॉक्सएन्व्हायर्नमेंट या कमांडने त्याला बाहेरून चौकट घाला. मजकुराला हात लागत नाही. ब्रेकेबल पर्याय चालू करा, नाहीतर मोठी चौकट दोन पानांत विभागली जात नाही.

उरला पूर्ण हाताने बनवण्याचा मार्ग: न्यूकाउंटर आणि न्यूएन्व्हायर्नमेंट. ‘शीर्षक आणि त्याखाली मजकूर’ या साच्यात न बसणाऱ्या गोष्टींसाठीच, उदाहरणार्थ क्रमांक समासात हवा असलेल्या स्वाध्यायांसाठी, तो घ्यावा. त्यात काउंटर वाढवायला स्टेपकाउंटर नको, रेफस्टेपकाउंटर वापरा. स्टेपकाउंटरने पानावर क्रमांक बरोबर छापला जातो, पण लेबलचा संदर्भ बहुधा विभागाचा क्रमांक दाखवतो, आणि लाटेक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.