पावसाळ्यात स्विमिंग पूल सांभाळणारी सर्व्हिस, पुण्यात बावधनच्या सोसायटीतला अनुभव

आमची सोसायटी बावधनला, रामनदीपासून फार लांब नाही, स्विमिंग पूल १५ बाय ६ मीटरचा. आधीचा मेंटेनन्सवाला दर जूनला सांगायचा की पावसाळ्यात पूल बंदच असतो, सगळं पाणी काढून टाका. कमिटीत आम्हाला पण पटायचं, पाणीच नाही तर ओव्हरफ्लो नाही, शेवाळं नाही. दोन पावसाळे तसं केलं आणि दुसऱ्या वर्षी तळाच्या टाइल्स मधोमध फुगून वर आल्या, लांबच्या लांब चीर गेली. खर्च अर्थात सगळ्या मेंबरांवर.

यंदा दुसरी सर्व्हिस लावली. पहिल्याच दिवशी त्यांचे टेक्निशियन दादा म्हणाले, "काका, पावसाळ्यात पूल रिकामा करायचाच नसतो." मग नीट समजावून सांगितलं, की आपल्याकडे थोडं खणलं की खाली काळा दगड लागतो, पूल म्हणजे त्या दगडात फोडलेला खड्डा आणि बाजूने भराव. जुलैत जमिनीत मुरलेलं पाणी त्या खड्ड्यातच अडकून बसतं आणि पूलला खालून वर ढकलतं, आणि त्याला दाबून धरणारं वजन म्हणजे आतलं पाणी, तेच आम्ही काढून टाकत होतो! तळाला ह्याच कामासाठी एक हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो, बाहेरचा दाब वाढला की तो उघडून पाणी आत घेतो, आमचा गाळाने जॅम झालेला, तो त्यांनी चिरेच्या दुरुस्तीसोबतच बदलला. इतक्या वर्षांत त्याचं नाव पण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, ह्याचा मला खरंच राग आहे.

आता लेव्हलचं. स्किमर म्हणजे पूलच्या भिंतीतलं, वर तरंगणारा कचरा ओढून घेणारं तोंड, पाणी त्याच्या निम्म्यावर ठेवायचं. वर गेलं की स्किमर पालापाचोळा ओढत नाही, खाली गेलं की पंप हवा ओढतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा शिवाजीनगरला २४ तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झालेला. तेवढा पाऊस आमच्या पूलवर पडला तर १० सेंटिमीटर पाणी चढणार म्हणजे ९००० लिटर, जवळपास एक टँकर, आणि डेकवरून, म्हणजे पूलच्या काठच्या फरशीवरून, वाहून येतं ते वेगळं. म्हणून मोठ्या पावसाचा अलर्ट आला की हे आदल्या दिवशीच येऊन लेव्हल थोडी उतरवतात, पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर टाकून, म्हणजे पाणी फिल्टरमधून न जाता सरळ बाहेर. सोडतात पावसाळी लाइनच्या चेंबरमध्ये, आणि क्लोरीन टाकायच्या आधी, टाकल्यावर नाही. डेकच्या जाळ्या पण साफ करून जातात, आणि मला वाटतं निम्मं काम तिथेच होतं कारण मातीचं पाणी पूलमध्ये येतच नाही.

वॉचमन काकांना पण शिकवलंय, विजा चमकत असतील तर पंप चालू करायला जायचं नाही, मेन बंद, पाऊस थांबला की मगच पाणी उपसायचं.

पावसानंतर दुसऱ्या दिवशी टेस्ट किट घेऊन येतात. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता मोजायचा आकडा, ७.२ ते ७.६ मध्ये आणतात, पावसाने क्लोरीन पातळ झालेलं असतं ते भरून काढतात. ऑगस्टच्या झडीत तीन दिवस पाणी गढूळ राहिलं होतं, तेव्हा एक खेप जास्त लागली आणि तिचे पैसे वेगळे घेतले, ते मला आवडलं नाही, पावसाळी पॅकेज म्हणता तर हे त्यात धरा ना. रविवारी रात्री फोन लागत नाही ही दुसरी तक्रार, पाऊस काही वार बघून पडत नाही. आणि पाणी उपसायचा सबमर्सिबल (पाण्यात बुडवायचा) पंप सोसायटीचा लागतो, त्यांचा नसतो, हे अ‍ॅग्रीमेंट करताना विचारून घ्या.

५ पैकी ४ देतोय. चीर परत उघडलेली नाही, टाइल्स जागच्या जागी आहेत. पुढच्या वर्षासाठी त्यांनाच ठेवतोय, फक्त रविवारसाठी एक नंबर लिहून घेणार आहे.