अपघात मोजायचे की धोके? ८० मजुरांच्या साइटचा हिशेब

रामबागेतल्या एका ओळखीच्या बिल्डरांनी परवा विचारलं: निपानियाला सहा मजली काम सुरू आहे, रोज ८०च्या आसपास माणसं असतात, सुरक्षिततेचा हिशेब ठेवायचा तर कोणता ठेवू? झालेले अपघात मोजू, की दर आठवड्याला साइटवर फिरून काय बरोबर, काय चूक ते मोजू? मी इंदुरात बरीच वर्षं साइटवर काढली आहेत. माझं मत दुसऱ्या मापाच्या, म्हणजे फेरीच्या बाजूने आहे.

अपघाताचं माप भारतीय मानक ३७८६ मध्ये दिलेलं आहे: काम बुडवणाऱ्या दुखापती गुणिले १० लाख, भागिले कामाचे एकूण तास. मस्टर चोख असेल तर आकडा लगेच निघतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. अडचण वेगळीच आहे. ८० माणसं, रोजचे ८ तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर वर्षाचे तास भरतात जेमतेम २ लाख. एक दुखापत झाली की दर ५, नाही झाली की ०; अधलंमधलं काही नाही. वर्षाला सरासरी एक दुखापत व्हावी इतकी धोक्याची साइटसुद्धा तीनातलं एखादं वर्ष नुसत्या योगायोगाने कोरडं काढते. त्या शून्यावर विसंबून कठडे तसेच उघडे राहतात.

शिवाय शून्य राखायची सवय लागते. मी पूर्वी होतो त्या एका साइटच्या फाटकावर ‘शून्य अपघात’ असा फलक होता. सेंट्रिंगच्या प्लेटखाली एका मुलाचं बोट चेंगरलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हाताने त्याला फाटकापाशी खुर्चीवर बसवलं. हजेरी लागली, दिवस बुडाला नाही, फलक तसाच राहिला. त्या मस्टरवर माझी सही आहे आणि ती मला अजून बोचते.

फेरीची पद्धत फिनलंडच्या बांधकामांवर १९९० च्या दशकापासून चालत आली आहे. कामाची पद्धत, परांच्या आणि शिड्या, यंत्रं, पडण्यापासून बचाव, वीज आणि उजेड, नीटनेटकेपणा, अशा सदरांखाली दिसेल त्या गोष्टीला बरोबर किंवा चूक अशी एकेक रेघ मारत जायचं. २०० रेघांपैकी १५० बरोबर, तर साइट ७५ टक्के. पाऊणएक तास लागतो, कागद एक पुरतो. हा आकडा दर आठवड्याला हलतो आणि कुठे हात घालायचा ते त्याच दिवशी दाखवतो, अपघाताची वाट न पाहता.

फेरीची एक खोट मात्र मोठी आहे. मागच्या पावसाळ्यात फिरताना चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या डक्टवर प्लायवुडचा तुकडा टाकलेला दिसला. वर रेती पसरलेली, त्यामुळे तो स्लॅबसारखाच वाटत होता. पायाने ढकलला तर सरकला. खिळा एकही नव्हता, खाली चार मजले. कागदावर ती एक चुकीची रेघ, आणि टोपीचा पट्टा न लावलेल्या बेलदाराचीही एकच. म्हणून उघडा डक्ट, कठडा नसलेली कड, सोललेली वायर यांना टक्क्यांत धरू नका. दिसलं की त्या जागचं काम तिथल्या तिथे थांबवायचं, झाकण ठोकून झाल्यावरच पुढे.

‘थोडक्यात वाचलो’ची वही हा तिसरा मार्गही लोक सुचवतात. तिसऱ्या मजल्यावरून थापी सुटली, रेतीच्या ढिगात रुतली, खालचा पोरगा हसला. असे प्रसंग लिहून ठेवायचे. कल्पना चांगली आहे, पण झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी भागातून मजुरीला आलेला माणूस मुकादमासमोर तोंड उघडेल तेव्हा. दिवसाची मजुरी कापली जाईल ही भीती आधी घालवा, मग वही ठेवा. आणि अमेरिकेतल्या हाइनरिख या सुरक्षा-अभ्यासकाने १९३१ मध्ये मांडलेलं, ३०० विनाइजा प्रसंगांमागे २९ किरकोळ आणि १ मोठी दुखापत, हे प्रमाण आपल्या साइटचा नियम समजू नका. थाप्या सुटायच्या थांबल्या म्हणून माणसं पडायची थांबत नाहीत, दोन्हींची कारणं वेगळी.

अपघाताची नोंद सोडायची असं मी म्हणत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातही मृत्यूची, तसंच ४८ तास किंवा जास्त काम बंद पाडणाऱ्या दुखापतीची सूचना देणं बंधनकारक होतं. ती नोंद ठेवा, फक्त तिच्यावर ठेकेदाराचं बक्षीस लावू नका, नाहीतर जखमा लपतील. सुरक्षा समिती त्या कायद्यात ५०० मजुरांपासून होती, २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत सुरक्षा अधिकारी २५० पासून आहे. तुमच्या ८० माणसांकडे पाहायला कायद्याने वेगळं कुणी दिलेलं नाही, ते तुम्हालाच पाहावं लागेल.

फेरी खर्ची, म्हणजे आठवड्याची उचल, वाटायच्या दिवशी नको, तेव्हा निम्मी साइट रिकामी असते. मधल्या वारी, स्लॅबचं काम भरात असताना करा. आपल्याच मजल्याची पाहणी त्याच सुपरवायझरकडे देऊ नका, मजले बदलून द्या. आणि भगोरिया (भिलांची होळीआधीची जत्रा) आणि होळी करून माणसं परतली, की त्यांत नवे चेहरे असतात. तो पहिला आठवडा दोनदा फिरा.