पेपरक्राफ्ट जोडण्याचं ‘घरबसल्या काम’: ४,४९९ रुपयांचा चुना

‘कार्टूनची कागदी मॉडेलं जोडा, नगाला ७० रुपये मिळवा’ अशी जाहिरात दिसली तर आधी हे वाचा. पेन पॅकिंगचं काम देणाऱ्यांची चाल, कामाआधीच नोंदणी-डिपॉझिटच्या नावाने पैसे उकळायची, तुम्हाला माहीत आहेच. हीही तीच, फक्त इथे तुमचं काम नापास करून पैसे बुडवायची सोय मालातच छापून येते.

आमचे गेले ते असे: नोंदणी ४९९, डिपॉझिट ३,०००, कुरिअर ३५०, ‘फेरतपासणी’ ६५०. एकूण ४,४९९ रुपये. ४० मॉडेलांची मजुरी २,८००, ती वेगळीच बुडाली. ‘एवढंही कळलं नाही का?’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, पार्सल खरंच आलं होतं, आत रंगीत छापलेली शीट आणि शिक्का मारलेलं बिलही होतं. हातात माल पडल्यावर कोण संशय घेतं?

मॉडेल होतं गोल डोक्याच्या मांजराचं. गोल आकार कागदावर सपाट उलगडत नाही, म्हणून डोकं संत्र्याच्या फोडींसारख्या १२ पाकळ्यांत कापलेलं असतं. प्रत्येक पाकळीची खालची कड २० मि.मी., म्हणजे गळ्याचा घेर २४० मि.मी. धडाचा वरचा घेरही तेवढाच हवा. पेपाकुरासारखं सॉफ्टवेअर मॉडेल उलगडतं तेव्हा जुळणाऱ्या दोन कडा सारख्याच लांबीच्या निघतात, त्यात चूक होत नाही.

या लबाडांनी धडाची शीट १०० टक्क्यांवर छापली आणि डोक्याची ९७ वर. एका कडेत फरक ०.६ मि.मी., तो डोळ्याला दिसतच नाही. बाराही पाकळ्या जुळल्यावर मात्र गळ्याचा घेर २३२.८ भरतो आणि ७ मि.मी.ची फट उघडी पडते. ती ओढून बसवली की कागद सुरकुततो, नाही बसवली तर फट राहते. दोन्हीकडून नापास! आपणच वाकडं कापलं असेल असं वाटून माणूस पुढचं मॉडेल घेतो.

खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. डोक्याच्या शीटवरचा पांढरा समास दोन्ही बाजूंना ३ मि.मी. जास्त होता. ए४च्या २१० मि.मी. रुंदीचे ३ टक्के म्हणजे ६.३, दोन्ही बाजू मिळून जवळपास तेवढाच. पट्टी समोरच होती, ती एकदा लावली असती तर! पण छापील समास कोण मोजतं? तुम्ही मोजा. एकमेकींना चिकटणाऱ्या दोन कडांवर एकच क्रमांक छापलेला असतो; कुठलाही संच आला की कात्री लावण्याआधी एकाच क्रमांकाच्या दोन कडा पट्टीने ताडून पाहा. आमच्या शीटवर क्रमांकच पुसलेले होते, आणि बाहेरच्या-आतल्या घडीच्या रेघा, ज्या एरवी वेगळ्या असतात, त्याही एकसारख्याच. डिझाइन करणाऱ्याची कोपऱ्यातली सही कापलेली होती, म्हणजे टेम्प्लेटही ढापलेलं.

कागदाची तीच रड. सांगितला १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा), आला १०० च्या आसपासचा. असा कागद फेविकॉलच्या ओलाव्याने फुगतो आणि इंकजेटचा रंग बोटाला लागतो. ‘घडीवर पांढरी रेघ दिसते’ या कारणावरून १४ नग परत आले. अहो, छापील कार्डशीटवर घडी घातली की पांढरं दिसणारच! म्हणून तर रिकाम्या रिफिलने आधी रेघ दाबायची आणि कडेवर त्याच रंगाचा स्केचपेन फिरवायचा. ते करूनही नापासच.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात ऐकवलं, ‘तुम्ही करारावर सही केली, हे दिवाणी प्रकरण आहे.’ माल निकृष्ट असणं आणि माल मुद्दाम बिघडवून पाठवणं यातला फरक दोन शीट एकमेकांवर धरून दाखवला, तर साहेब म्हणाले, ‘कागदाच्या खेळण्यासाठी आलात?’ बँकेने हात वर केले, कारण पैसे ‘तुम्हीच पाठवलेत’. जाहिरात दिसली त्या ॲपवरून उत्तर आलं की जाहिरात नियमांत बसते. नियम कसले, ते मात्र कोणी सांगेना. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, हे ठाण्यात आपण सांगायचं का? तर हो, सांगा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्याआधी, पैसे गेल्या गेल्या, १९३० वर फोन लावा. पुढच्या खात्यातून पैसे निघून गेले की थांबवणं फार अवघड होतं.

काम देणारा डिपॉझिट मागतो तिथेच फोन ठेवा. ‘कराराचा भंग, ९,८०० रुपये दंड’ अशी वकिलाच्या नावाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. आम्हालाही आली, दमडी दिलेली नाही. आणि संच कसाही असो, शीटची एक जोडी न कापता बाजूला ठेवा, पाकिटावरच्या कुरिअर पावतीसकट. कापलेले तुकडे दाखवले की ‘तुम्हीच चुकीचं कापलंत’ म्हणतात.