खोलीतली ओल घालवायची आहे: कुंड्या आणाव्यात की दुसरं काही?

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहणाऱ्या माझ्या मामीने गेल्या जुलैत बॉस्टन फर्नच्या चार आणि पीस लिलीच्या दोन कुंड्या आणून झोपायच्या खोलीत मांडल्या. खिडकीखालच्या भिंतीला लोणा लागला होता, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येत होता, आणि ही झाडं हवेतली ओल शोषून घेतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पंधरा दिवसांत वास कमी झाला नाही, उलट वाढला. तुम्हीही याच कारणासाठी नर्सरीत निघाला असाल, तर आधी सगळे पर्याय एकमेकांशेजारी ठेवून बघा.

सुरुवात झाडांपासून. कुंडीत दोन-तीन दिवसांनी पेलाभर पाणी घालतो, ते जातं कुठे? मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांवरच्या रंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. वाढीसाठी झाड अगदी थोडं ठेवतं. मातीच्या वरच्या थरातलं पाणी तर थेट उडतं. म्हणजे जेवढं ओतलं, तेवढं बहुतेक सगळं तुमच्याच खोलीच्या हवेत येतं. त्यातून फर्नची माती सतत ओलसर ठेवावी लागते. स्नेक प्लांट किंवा कोरफड कमी पाणी सोडतात, पण सोडतातच.

याला एक छोटा अपवाद आहे. टिलँडसिया, म्हणजे नर्सरीवाले ज्याला एअर प्लांट म्हणतात ते, पानांवरच्या बारीक खवल्यांनी हवेतला ओलावा खरोखर घेतं. मात्र मूठभर झाड किती घेणार? १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली धरा. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तिच्या हवेत जवळजवळ ९०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. बुरशीला आळा बसायला आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास हवी, म्हणजे पाव लिटर पाणी काढायला हवं. तेही एकदा काढून भागत नाही, कारण दाराच्या फटीतून, भिंतीतून, दोरीवरच्या ओल्या कपड्यांतून ते परत येत राहतं. टिलँडसियाचे काही थेंब इथे कुठेच पुरत नाहीत. 'नासा'च्या १९८९ च्या ज्या अभ्यासाचा दाखला घरातल्या झाडांसाठी नेहमी दिला जातो, तो बंद पेट्यांमधल्या बेंझिन, फॉर्मल्डिहाइडसारख्या वायूंचा होता. दमटपणाशी त्याचा संबंध नव्हता.

आता बाकीचे पर्याय. खिडक्या उघडणं फुकटचं आहे, पण नागपूरच्या झडीत बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा उघडून फारसं काही मिळत नाही. उघाड पडली की दुपारी दोन-तीन तास समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि पंखा लावा. मोरीतला आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट मात्र रोज चालवावा, त्याचा फायदा बाराही महिने होतो.

ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटासाठी उत्तम. खाली साचलेलं पाणी डोळ्यांना दिसतं, भरला की डबा बदलायचा. लहान मुलांपासून दूर ठेवा. खोलीभर ओल असेल तर मात्र ते अपुरे पडतात.

एसी असेल तर त्याचा ड्राय मोड वापरून बघा. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज बाहेर काढतो. पावसाने आधीच गारठलेली खोली त्याने आणखी गार होते आणि वीजबिलही चढतं. नुसती ओलच घालवायची असेल, तर कंप्रेसरवाला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र बरं. दिवसाला १०-१२ लिटरच्या यंत्राला साधारण २००-३०० वॅट लागतात, पण खोली थोडी गरम होते. स्वस्तातली कंप्रेसर नसलेली छोटी यंत्रं दिवसाला जेमतेम पाव-अर्धा लिटर पाणी काढतात. खोलीसाठी ती घेऊ नका, असंच मी सांगेन.

आणि कूलर! मे महिन्यात आपल्या कूलरची टाकी दिवसातून एक-दोनदा भरावी लागते, ते सगळं पाणी घरातच येतं. तेव्हा हवा इतकी कोरडी असते की ते हवंच असतं. पाऊस लागल्यावरही मोटर चालू ठेवली, तर सहा कुंड्यांनी जे केलं त्याच्या कितीतरी पट ओल एकटा कूलर आणतो. मोटर बंद करून टाकी कोरडी करा, डासही होणार नाहीत.

पैसे घालवण्याआधी मात्र एक गोष्ट नक्की करा. ओल्या भिंतीचा वीतभर भाग फडक्याने पुसून त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या मागे साचलं तर ओल भिंतीतून येते आहे, तिथे झाड, डबा, यंत्र कशाचाच उपयोग नाही, गळती शोधावी लागेल. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दिसलं तर ते हवेतलं आहे, मग एक्झॉस्ट, ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर यांतून निवडा. काही शे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं मीटर भिंतीला लावलं, की फरक पडतो आहे का हे आकड्यांत कळतं.

झाडं घ्याच, पण ती आपल्याला आवडतात म्हणून. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत ती घरात राहू द्या, जूनमध्ये गॅलरीत न्या.

मामीच्या प्लास्टिकमागे पाणी साचलं. गच्चीवरून येणाऱ्या पाइपचा सांधा भिंतीच्या आत गळत होता. तो दिवाळीआधी बदलून घेतला, पोपडे खरवडून भिंत तशीच उघडी ठेवली. आत ओल असताना रंग दिला असता तर पुन्हा सुटला असता. भिंत पुरती सुकायला जवळजवळ तीन महिने लागले आणि रंग जानेवारीत झाला. फर्नच्या चारही कुंड्या आता गॅलरीत आहेत.